तेवीस कोऱ्या जागा

"गादीवर लोळून वकील झालेली एक तरी बाई दाखवा म्हणावं," जिन्यात मेथी निवडता निवडता विमलबाई पुटपुटल्या. आवाज हळू होता, पण आतल्या सुनेला ऐकू जाईल इतपतच हळू.

पूनम पलंगावरून उठली आणि पुस्तक घेऊन स्वयंपाकघरातल्या लोखंडी स्टुलावर जाऊन बसली. सासूशी वाद घालण्यापेक्षा स्टूल बरं.

ताथवड्यातलं हे तीन मजली घर शेत विकून बांधलेलं. खालचा हॉल लॉच्या सीईटीच्या क्लासला भाड्यानं दिला होता. शिकवणाऱ्या गणराज सरांचा आवाज असा खणखणीत, की जिन्यात बसणाऱ्याला फी न भरता सगळा अभ्यासक्रम ऐकू यायचा. पूनमनं मात्र रीतसर नाव घातलं होतं. सासरे आबाजींनी हो म्हणताना अट घातली होती. एकच वर्ष. या खेपेला जमलं नाही तर पुस्तकं रद्दीत, आणि पुन्हा वकिलीचं नाव काढायचं नाही.

तिचा नवरा ओंकार चाकणच्या कंपनीत होता. रोजचं जाणं-येणं झेपेना म्हणून दिवाळीपासून तिकडेच खोली घेऊन राहिला होता. चाकणचं ट्रॅफिक म्हटलं की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारत नाही, उलट स्वतःचं गाऱ्हाणं सुरू करतो. विमलबाई दर सोमवारी ओंकारचे दोन शर्ट इस्त्रीला धाडायच्या.

पूनमचा अभ्यास काही त्यांना बघवत नव्हता. ती सरावाचा पेपर सोडवायला बसली की यांचा मिक्सर सुरू. चटणी झाली की टीव्ही. पाणी प्यायला उठली तर म्हणायच्या, दोन तास तहान मारता येत नाही, ती कोर्टात काय उभी राहणार. एकदा फोन दिसेना म्हणून तिनं घर पालथं घातलं, तर तो तांदळाच्या डब्यात निघाला. पेपर संपला की उकरून घे, असं सासूबाईंनी शांतपणे सांगितलं.

पूनमनं माहेरी फोन करून हे सगळं आईच्या कानावर घातलं. आई काहीतरी विचारायला म्हणून थांबली, आणि पापड वाळले का तेवढंच विचारलं.

मार्चमधल्या सराव परीक्षेत पूनमनं एकशेवीसपैकी तेवीस प्रश्न कोरे सोडले. गणराज सर सगळ्यांदेखत तडकले. पूनम मान खाली घालून उभी. लग्नाआधी चार वर्षं तिनं कंपनीत इन्स्पेक्शनला काम केलं होतं. तिथला नियम एकच, शंका आली की तपासणीतला सुटा भाग लाल पेटीत टाकायचा, पुढे पाठवायचा नाही. हात त्याच वळणाचा झाला होता.

संध्याकाळी भाकरी थापताना विमलबाईंनी विषय काढला. जिन्यात बसून त्यांनी सगळं ऐकलं होतंच.

"चुकीचं लिवलं तर मार्क कापत्यात का?"

"नाही, आत्या."

"मग कोरं ठिवून कुणाचं भलं झालं?"

भाकरी टम्म फुगली, ती पूनमच्याच ताटात पडली.

परीक्षेचं केंद्र रावेतला होतं. आबाजींनी तिला स्कूटरवरून सोडलं. मोठ्या चौकातून सरळ जाण्याऐवजी त्यांनी लांबचा रस्ता धरला. तिकडे खोदकाम चाललंय म्हणाले. पूनमनं बरं म्हटलं.

आत खुर्ची कडक होती. शेजारची मुलगी सारखी खोकत होती, आणि खिडकीबाहेर कुणीतरी भिंतीत ड्रिल मारत होतं. दोन मुलांनी तक्रार केली. पूनमचं लक्षसुद्धा गेलं नाही. शेवटच्या तीन मिनिटांत नऊ प्रश्न उरले होते. लाल पेटीकडे जाणारा हात तिनं आवरला, आणि नऊच्या नऊ उत्तरांवर खुणा केल्या.

निकालाच्या दिवशी गणराज सर दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल. क्लासमध्ये पहिली. आबाजी चष्मा पुसायला लागले आणि पुसतच राहिले. मग स्वतः जाऊन पेढे घेऊन आले.

"माझं कौतुक नको," सर हसत म्हणाले. "पोरं परीक्षेत कुठं घसरतात, हे काकूंनी मला खाली येऊन विचारलं होतं. मी म्हटलं, आरामात बसून वाचतात, शांतता लागते, फोन सुटत नाही, सारखी उठतात. तर म्हणाल्या, पुन्हा सांगा, पाठ करते."

पूनमनं सासूकडे पाहिलं. त्या पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडवत होत्या.

आबाजींना आता धीर धरवेना. ओंकारला कळवा, म्हणाले. ट्रॅफिक नसेल तर रात्रीपर्यंत येईल. नेहमीप्रमाणे पूनमनं मान हलवली, सरांनी घड्याळ पाहिलं.

विमलबाईंनी एक पेढा मोडला. अर्धा सुनेच्या तोंडात घातला, अर्धा नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"ओंकार चाकणला न्हाई," त्या म्हणाल्या. "रावेतला दुसऱ्या बाईसंगं संसार मांडलाय त्यानं, अन् हे हितं समद्यांस्नी ठावं हाय. पूनमला वकील व्हायला तीन वर्सं लागत्याल, तवर थांबायचं न्हाई. उद्याच दुसरा वकील गाठू, दावा लावू, अन् माझ्या पोराच्या इरोधात पयली साक्ष मी देनार."