चुका मोजणारं यंत्र

पेढे निकालाआधी वाटायचे की नंतर, यावरून मुक्ताबाई आणि मालनबाईची सकाळीच जुंपली होती.

“निकाल कशाला लागतोय? सूर्य कुठं उगवतो ह्ये काय इचारावं लागतं व्हय?” म्हणत मुक्ताबाईनं पुडा फोडलासुद्धा.

“गप बाई, दृष्ट लावशील,” मालन म्हणाली, पण पेढा तिनं घेतलाच. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

कोल्हारजवळच्या भाऊसाहेबांच्या शेडमध्ये कांदा निवडणाऱ्या अकराही जणी आज ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. निवडणीचं यंत्र आलं म्हणजे दहा जणींचं काम जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नव्या योजनेत सरकार यंत्राला निम्मं अनुदान देत होतं आणि त्याला एक अट होती. जुन्या बायांपैकी एकीला कायम नोकरीवर घ्यायचं. पगार, फंड, बसायला खुर्ची आणि डोक्यावर पंखा! काम एवढंच की यंत्राला ज्या कांद्याची शंका येईल त्याचा फोटो पडद्यावर येणार, तो बघून चांगला की वाईट ते सांगायचं.

भाऊसाहेब पक्के व्यापारी. “मी एकीचं नाव घेतलं तर दहा घरं माझ्या नावानं बोटं मोडतील. यंत्रालाच निवडू द्या की!”

म्हणून महिनाभर प्रत्येकीच्या क्रेटवर नंबर होता. भरलेलं क्रेट कॅमेऱ्याखालून जायचं आणि यंत्र त्यातल्या चुका टिपून घ्यायचं. सडका, कोंब आलेला, जोडकांदा, काहीही सुटत नव्हतं. क्रेटं किती भरली याला किंमत नव्हती. जिच्या चुका सगळ्यांत कमी, खुर्ची तिची.

म्हणजे मालनचीच. कांदा हातात येताच त्याच्या पोटातली सड ओळखणारी दुसरी बाई पंचक्रोशीत नव्हती. आणि तिला ती खुर्ची हवीच होती. नाही मिळाली, तर दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचं होतं. घरात ती आणि बारावीतली धनश्री, दोघीच. तरण्या पोरीला एकटी कशी ठेवणार? पोरीचं कॉलेज फडातच संपलं असतं.

मालनला हे काम शिकवलं होतं बनुबाईनं. मालनलाच काय, सगळ्यांनाच. “कांदा आधी नाकानं बघावा, मग हातानं. डोळं लई लबाड असत्यात,” असं ती सांगायची. आता सत्तरी ओलांडलेली ती म्हातारी मालनच्या खांद्यावर हात ठेवून शेडमध्ये यायची आणि तिच्याच शेजारी बसायची.

“काय बनुबाई, गुडघे काय म्हणतात?” भाऊसाहेब रोज विचारायचे.

“म्हणत्यात, बसून ऱ्हा,” ती आवाजाच्या दिशेनं हसून सांगायची. भाऊसाहेब खूश होऊन निघून जायचे आणि बाया एकमेकींकडे बघून पुन्हा कामाला लागायच्या.

येता-जाता प्रत्येक जणी आपला निवडलेला ओंजळभर कांदा बनुबाईच्या क्रेटात टाकायची. याला त्या वानवळा म्हणायच्या. नवं पीक निघालं की शेजारच्या घरी देतात, तसा.

चाचणीच्या पहिल्याच दिवशी मुक्ताबाईनं मालनला बजावलं होतं. “महिनाभर तरी वानवळा बंद कर. म्हातारीला कुठं खुर्चीवर बसायचंय?”

“तिचं क्रेट रिकामं दिसलं तर भाऊसाहेब आजच घरी पाठवतील तिला. आन् चुका मोजत्यात, क्रेटं न्हाई. माझं काय जातंय?”

तिचं खरंच काही जात नव्हतं. शंकेचा कांदा ती स्वतःच्या क्रेटात टाकायची आणि शंभर टक्के खात्रीचा शेजारी सरकवायची. वानवळ्यात कुणी किडकं देतं का?

अकरा वाजता पुण्याहून यंत्राच्या कंपनीच्या इंजिनिअर संस्कृती मॅडम आल्या. त्यांनी लॅपटॉप उघडला.

“तिसऱ्या मुक्ताबाई. बावीस चुका.”

टाळ्या पडल्या. मुक्ताबाईनं मालनला कोपरानं ढोसलं.

“दुसऱ्या मालनबाई. महिन्याभरात फक्त सात चुका!”

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

“आणि पहिल्या क्रमांकाच्या क्रेटात एकही चूक नाही. शून्य! आमच्या यंत्रालासुद्धा हे जमलेलं नाही. बनुबाई!”

क्षणभर कुणालाच कळेना. मग कुणीतरी खुदकन हसलं आणि शेड दणाणून गेलं. बायांनी बनुबाईला मिठ्या मारल्या. भाऊसाहेब स्वतः पेढा घेऊन आले. ते कांदे कुणाच्या हातचे होते, हे मात्र मालनइतकं कुणाला ठाऊक असणार? डोळ्यांपुढं धनश्रीचं दप्तर आलं. तरी तीही हसली, कारण म्हातारीवर रागावणं तिला जमणारं नव्हतं.

“साहेब,” मुक्ताबाईनं धीर केला, “म्हातारीला जमंल का ह्ये? मालनला घ्या की.”

“नाव सरकारकडे ऑनलाइन गेलंय. आता ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. आणि यंत्र कधी चुकतं का?”

“मालन, चल गं,” बनुबाईनं हात पुढं केला. मालननं तो आपल्या खांद्यावर घेतला, तिला नव्या खुर्चीपर्यंत नेलं आणि जपून बसवलं.

मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर थाळीएवढा कांदा उमटला, मानेपाशी काळा पडलेला.

“सांगा आजी, हा चांगला की वाईट?”

बाकी दहाही जणींचं हसू मावळलं. बनुबाईनं पडद्याच्या काचेवर सावकाश तळहात फिरवला. मग बोटं नाकाशी नेऊन हुंगली.

“मालन,” ती हळूच म्हणाली, “ह्यात कांदा कुठं हाय गं?”