रात्री पलंग, दिवसा टेबल

"रात्री पलंग, दिवसा टेबल," असं म्हणत दुकानदाराने खटका दाबला आणि वरची फळी उचलून भिंतीला टेकवली. खालून पलंग सरकत बाहेर आला. "आत ढकलला की पुन्हा टेबल. खोलीत पलंग होता हे कुणाला सांगूनही पटणार नाही."

सासऱ्यांना सोबत घेऊन आलेली सून खांबाला टेकून उभी होती. हे पाचवं दुकान. आधीच्या चारांत तिने शिडी होणारी खुर्ची पाहिली होती, पेटी होणारं स्टूल पाहिलं होतं, आणि उघडायला दोन माणसं अन् मिटायला तीन माणसं लागणारा एक सोफाही पाहिला होता. आठवड्याची एकुलती एक सुट्टी अशी संपत आली होती. पाय भरून आले होते. नवऱ्याने "तूच बघ, तुला त्यातलं कळतं" म्हणत आधीच अंग काढून घेतलं होतं.

तिला कळत होतं ते कपड्यांतलं. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. कापड बेतायला टेबल नव्हतं. बारा वर्षं ती जमिनीवर ओणवून कापत आली होती, आणि आता रोज संध्याकाळी कंबर तिला त्याचा जाब विचारायची. सासूबाई गेल्यापासून सासरेही त्याच खोलीत झोपत, जमिनीवर गादी टाकून. सकाळी उठताना त्यांचे गुडघे असे वाजत की आत तिला जाग येई. टेबल हवं होतं, पलंगही हवा होता, आणि जागा होती एकापुरतीच. आतल्या खोलीत रात्रपाळीचा नवरा दिवसभर झोपलेला असायचा.

सासऱ्यांच्या दिवसाची मात्र तिला काळजी नव्हती. नऊ वाजल्यापासून बायका मापं द्यायला, कपडे घालून बघायला येऊ लागत. त्याआधीच सासरे गादी गुंडाळून, चपला घालून तयार. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणायचे. दुपारी जेवायला यायचे, की पुन्हा दिवेलागणीपर्यंत गायब. अप्पांना फिरायची भारी आवड, असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

आत्ता सासरे पलंगाभोवती चक्कर मारत होते. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. कुठलीही वस्तू घ्यायची म्हणजे आधी वाकून तिची चाकं बघणार. चाकं झाली, बिजागऱ्या झाल्या.

"मिटायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"अर्धा मिनिट, काका."

"मला करून बघू द्या."

त्यांनी दोनदा मिटून बघितला. दुसऱ्यांदा पटकन जमला, तेव्हा ते खूश झाले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आणि वर कापडंबिपडं पसरलेली असताना कुणाला दिवसा आडवं व्हायचं झालं, तर?"

"तर सगळं उतरवावं लागणार."

"हां. नाही, आपलं विचारून ठेवलं."

सुनेने ते अर्धवट ऐकलं. ती पर्समधली चिठ्ठी बघत होती. भिंतीची लांबी, दाराची रुंदी, जिन्याचं वळण, सगळं त्यात लिहिलेलं होतं आणि सगळं बसत होतं. आपली एकदाची सुटका झाली असं तिला वाटलं.

"अप्पा, एकदा पडून बघा. मग घेऊनच टाकू."

सासरे चपला काढून आडवे झाले. डोकं पलंगात, पाय पलंगात.

"बघा," दुकानदार म्हणाला. "मापाने शिवल्यासारखा!"

सून बघत राहिली. सासऱ्यांचे पायजमे तीच शिवायची. बेचाळीस इंच लांबी. एवढी लांबी अख्ख्या गल्लीत कुणाची नव्हती. हा माणूस या पलंगात मावायलाच नको होता. माणसाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कधी कात्री न लावणारी बाई, आणि चिठ्ठीत तेवढंच एक माप लिहायचं राहिलं होतं.

सासरे कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते.

"पाय पसरा की, अप्पा."

"मला असंच लागतं. ट्रकच्या केबिनमध्ये तीस वर्षं असाच झोपलोय."

"ही काय केबिन आहे?" ती म्हणाली. मग थांबून तिने विचारलं, "दिवसा आडवं कुणाला व्हायचं होतं?"

सासरे उठून बसले आणि पायांनी चपला चाचपू लागले. "मागच्या आठवड्यात जरा ताप होता, म्हणून. बागेत बाक आहे तसा. पण दुपारी तापतो गं तो."

तिला स्वतःची लाज वाटली. बागेतला बाक तिला ठाऊक होता. लोखंडी होता.

"साधा पलंग दाखवा," ती दुकानदाराला म्हणाली. "साडेसहा फुटी. न मिटणारा."

"अगं, मग कापड कुठे बेतणार तू?" सासरे गडबडले. "तुझी कंबर..."

"आजवर बेततेय तिथेच."

"आणि बायका आल्या म्हणजे?"

"पडदा शिवेन. तेवढं येतं मला."

तिसऱ्या दिवशी नऊ वाजता पहिली बाई माप द्यायला आली. खोलीत आडवा लावलेला नवा पडदा तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळला. पलीकडे कुणीतरी कूस बदलली.

"आज सासरे फिरायला गेले नाहीत वाटतं?" तिने हळूच विचारलं.

"नाही," जमिनीवर कापड पसरत सून म्हणाली. "त्यांना फिरायची आवड नाही."