एक जास्त

निमोण्याच्या अंकितानं मेंढ्या मोजायचं ॲप एआयच्या मदतीनं आठ दिवसांत बनवलं. तिच्या ऑफिसात याच कामाला अख्ख्या टीमला सहा महिने लागले असते.

मेंढ्या चाळीस होत्या. ॲप तीन दिवस एक्केचाळीस सांगत होतं. तिला चूक सापडेना.

चौथ्या दिवशी सकाळी काळी मेंढी व्याली. कोकरू एकच झालं.

“त्याला आधीच कळलं व्हतं व्हय?” सासरे हरिबांनी विचारलं.

“नाही, आबा. त्याला कॅमेऱ्यातून मेंढ्यांच्या नुसत्या पाठी दिसतात.”

गंमत म्हणून तिनं ॲपला माणसं मोजायला सांगितलं, मोबाईल कुंपणावर टेकवला आणि पाण्याची बादली उचलून आबांशेजारी उभी राहिली. मेंढवाड्यात दोघंच होती.

“तीन,” मोबाईल बोलला.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता.

हरिबांनी तिच्या हातातली भरली बादली काढून घेतली.