मोकळा रकाना

एक हिरवा ठिपका.

चौदा नंबरची खाट. बासष्ट हजार.

जावा भाषेतल्या प्रोग्रामच्या चार हजार ओळींत एक ओळ अशी: कंस उघडला, कंस मिटला, आत काहीच नाही.

'प्लेटलेट पेशी मोजता येत नाहीत इतक्या कमी. डॉक्टरांना लगेच कळवा.'

एक छापील कागद, खाली सहीची जागा.

तो कागद साहेबांनी तिच्यापुढे सरकवला. हॉस्पिटलच्या बैठकीच्या खोलीत चौघं होती. संगणक विभागाचे साहेब, ती, वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आणि दाराजवळच्या खुर्चीत पाहुण्यासारखे टेकलेले प्रयोगशाळेतले काका. 'चूक कर्मचाऱ्याची, प्रणाली निर्दोष,' असं कागदावर होतं. प्रयोगशाळेचा प्रोग्राम आणि वॉर्डचा पडदा जोडणारी वेब सर्व्हिस तिनं लिहिली होती, म्हणून सही तिची. सही झाली की काका घरी.

"आकड्याच्या रकान्यात आकडा भरायचा असतो, एवढं शाळकरी पोराला कळतं," साहेब म्हणाले.

"जो मोजलाच गेला नाही तो कुठून आणू? मनाचा टाकू?" काका म्हणाले. "असं झालं की रकाना मोकळा सोडायचा आणि शेऱ्यात लिहायचं. सव्वीस वर्षं असंच करतोय."

"नवी सर्व्हिस येणार कळल्यावर कुणाला विचारलंत, हे चालेल का म्हणून?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"नाही. कुणालाच नाही."

"घ्या! मिटलं की मग."

"काय मिटलं?" सिस्टरांचा आवाज चिरला. "माझ्या पडद्यावर रक्त गोठवणाऱ्या पेशी बासष्ट हजार होत्या. आदल्या दिवशीच्या! शेजारी हिरवा ठिपका. ते बघून डॉक्टरांनी त्याच्या पाठीत सुई घातली, आत रक्त साकळलं. बत्तीस वर्षांचा माणूस, पाय हलत नाहीत. त्याची बायको रोज विचारते, हिरवा ठिपका म्हणजे काय हो सिस्टर? काय सांगू तिला?"

"म्हणूनच तर सही करून विषय संपवू," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं.

त्या टोपणानं तिचं डोकं फिरलं. पेन बाजूला ठेवून तिनं लॅपटॉपला प्रोजेक्टरची वायर खुपसली.

"हे काय आरंभलंस?"

"ठिपका दाखवते."

भिंतभर ओळी उमटल्या.

"सिस्टर, इथं प्रयोगशाळेचा निरोप येतो. आकडा नसेल तर प्रोग्राम इथं अडखळतो. अडखळला की त्यानं बोंब मारायला हवी, तुमच्या पडद्यावर लाल पट्टी यायला हवी. ती बोंब मी लिहिली होती. संचालक बघायला येणार होते त्याच्या आदल्या दिवशी साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. काय म्हणालात, साहेब?"

साहेबांनी घड्याळात बघितलं.

"मी सांगते. 'पडद्यावर लाल काही दिसता कामा नये. नवीन नाही आलं तर जुनाच आकडा राहू दे, रिकामी जागा भिकार दिसते.' आणि मी मुकाट्यानं पुसलं. हा बघा कंस, आत काही नाही; बोंब नाही म्हणून ठिपका हिरवाच. झाडूनपुसून स्वच्छ!"

"आवाज खाली घे."

"दोन वर्षं खालीच होता."

सिस्टर भिंतीजवळ गेल्या. ओळींवर त्यांची सावली पडली. "आणि काकांचा शेरा? तो कुठाय यात?"

"तो इकडे येतच नाही. त्याला जागाच ठेवलेली नाही."

"कुणी नाही ठेवली?"

तिनं कागद ओढला, 'कर्मचाऱ्याची' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं: 'साहेबांच्या हुकुमाची आणि माझ्या हातांची.' पेन इतकं दाबलं की सहीच्या शेवटी कागद फाटला.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"कोण येतंय!"

साहेब फाटका कागद घेऊन तरातरा निघून गेले. मागोमाग सिस्टर गेल्या, त्यांना खाटा होत्या. काका उठले, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. तिच्याजवळून जाताना थांबले.

"पोरी," एवढंच म्हणाले आणि चष्मा लावला.

सर्व्हिस चालू व्हायच्या आठवडाभर आधी काकांनी तिला फोन करून विचारलं होतं, आकड्याचा रकाना मोकळा सोडला तर शेरा पलीकडे पोचतो ना. "पोचतो, काका," ती म्हणाली होती. तिनं बघितलं नव्हतं.