परातीतली चाचणी

शिवांजलीचा एम.डी.चा प्रबंध तेर गावच्या साठ बायकांच्या दुखऱ्या खांद्यांवर उभा होता. विद्यापीठाच्या चाचणीत निम्म्या ट्यूबांत औषध होतं, निम्म्यांत नुसतंच मलम. कुणाला काय मिळालं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. महिन्यानं निकाल पाहून ती हबकली: साठही जणींना सारखाच आराम. तिनं त्या साठांतल्या दगडाबाईंना गाठलं. “मावशी, तुमची ट्यूब तुम्हीच लावली ना?” “तुमीच म्हनला व्हता, निम्म्यात औषध न्हाय. मग शेजारणीत असा दुजाभाव बरा दिसतो व्हय? पहिल्याच दिशी समद्या ट्यूबा परातीत पिळल्या, कालवल्या अन् प्रसादावानी सारखं वाटून टाकलं.” शिवांजलीची मान जागच्या जागी आखडली. दगडाबाईंनी स्टीलची डबी उघडली. “तुमचाबी वाटा ठिवलाय, डॉक्टरीणबाई,” म्हणत त्या तिची मान चोळू लागल्या. तीन वर्षांची मेहनत डबीत मावली होती. लाजिरवाणं एवढंच, की एकसष्टावीलाही तितकाच आराम पडला.