पन्नासची लेन्स

स्टुडिओच्या दर्शनी काचेत बायकोचा फोटो लावायचा होता. समोर दोन होते: एक मी पंच्याऐंशी मिलिमीटरच्या लेन्सने खोलीच्या दुसऱ्या टोकाहून काढलेला, दुसरा माझ्या धाकट्या भावाने पन्नासच्या लेन्सने. तिने भावाचा निवडला. “यात तुझं नाक मोठं आलंय,” मी म्हणालो. “पन्नासने चौकटीत चेहरा एवढा भरायचा तर तोंडाजवळ जावं लागतं.” “आले होते की भावजी. म्हणाले, ‘वहिनी, दादा लांबून नेम धरतो, म्हणून तुम्ही घाबरता.’ मला हसूच आवरेना.” फोटोत ते हसू होतं. तसं मला इतक्या वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं. पन्नासची लेन्स चढवून मी तिच्यापाशी गेलो, इतका जवळ की चौकटीत फक्त तिचा चेहरा उरला. “आता हस,” मी म्हणालो. तिने केस सारखे केले, श्वास रोखला आणि चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा गंभीर केला.