काकूचा हात

ओवीच्या पाठीवर बसवलेल्या जेलच्या कृत्रिम त्वचेला पुन्हा चीर पडली होती. अशा वेळी चिरेवर तळहात ठेवून बसायचं; ऊब लागली की आतले तुटलेले हायड्रोजन बंध आपोआप जुळून येतात. मृण्मयी अर्धा तास बसली. चीर मिटेना.

"आई, तुझा हात गार आहे," ओवी म्हणाली. "काकूला बोलव."

जाऊबाई पोळ्या टाकून आल्या. पाच मिनिटांत त्वचा सलग झाली आणि ओवी त्यांच्या मांडीवर झोपूनही गेली.

"अगं, तव्यापाशी उभं राहिलं की कुणाचेही हात तापतात," जाऊबाई हळूच म्हणाल्या. मृण्मयीला ते समजूत घालणं जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना दुसऱ्या प्रकारच्या त्वचेबद्दल विचारलं.

"सहसंयुज बंधांची आहे, पक्की. कधी फाटणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण कडक असते. पाठीवरून कुणी हात फिरवला तर ओवीला फारसं कळणार नाही. जेलचं छान चाललंय की, कशाला घाई?"

"पण मग कुणाचा हात ठेवावा लागणार नाही ना?"

"कुणाचाच नाही. तुमचाही नाही."

"चालेल," मृण्मयी म्हणाली आणि तिने सहीसाठी कागद पुढे ओढला.